जुन्या इमारतींच्या मंडळावर नेमकं कोण बसतं, आणि कोण बसायला हवं?

खेतवाडीकर

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर बसलेल्या जुन्या इमारतींवर इथे अनेकदा चर्चा होते. पागडी, मालकाची एनओसी, संक्रमण शिबिर (इमारत रिकामी केल्यावर मिळणारी तात्पुरती घरं), पुनर्विकासात मिळणारं क्षेत्रफळ, सगळं बोलून होतं. एका गोष्टीकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) ज्या दुरुस्ती मंडळाच्या सहीवर हे सगळं चालतं, त्यावर बसलेली माणसं आयुष्यभर कोणतं काम करून तिथे पोहोचलेली असतात?

थोडी पार्श्वभूमी. मुंबई शहरातल्या इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारने बेडेकर समिती नेमली, १९६९ मध्ये कायदा झाला आणि इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आलं. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या इमारतींवर उपकर बसला. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या, त्यातल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. पुढे १९७६ चा म्हाडा कायदा ५ डिसेंबर १९७७ पासून लागू झाला आणि गृहनिर्माण मंडळ, दुरुस्ती मंडळ, झोपडपट्टी सुधार मंडळ ही सगळी एका छत्राखाली गेली. आज म्हाडाची नऊ मंडळं आहेत. वर प्राधिकरणाचा अध्यक्ष, खाली प्रत्येक मंडळाचा सभापती, सरकारने नेमलेले अशासकीय सदस्य आणि रोजचा कारभार बघणारा मुख्य अधिकारी. संपूर्ण म्हाडाचा उपाध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी आयएएस असतो.

सभापतिपदावर बहुतेक वेळा राजकीय माणूस येतो. २०१८-१९ च्या सुमाराचं उदाहरण घ्या. म्हाडाचे अध्यक्ष उदय सामंत, तेव्हा रत्नागिरीचे आमदार. मुंबई मंडळाचे सभापती मधु चव्हाण, भाजपचे नेते. दुरुस्ती मंडळाचे सभापती विनोद घोसाळकर, दहिसरचे माजी आमदार. यातल्या कुणावर व्यक्तिशः माझा रोख नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. हजारो इमारतींच्या तुळया, भिंती आणि पाये यांचा निर्णय घेणाऱ्या टेबलावर, सरकारी नोकरीत नसलेला आणि जुन्या बांधकामाचा जाणकार असा एक तरी माणूस कायम असायला नको का? आणि त्या इमारतीत राहणारा एक तरी?

३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारत. तिथे तर पडलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा की मागचं अनधिकृत बांधकाम, यावर म्हाडा आणि महापालिका यांच्यात वाद झाला. माणसं ढिगाऱ्याखाली असताना आपण ‘ही इमारत कुणाची’ ते ठरवत होतो. मला हे फार लागलं, म्हणून हा धागा.

तुळई

धागा आवडला. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या इमारतींची तपासणी हेच माझं काम. कुठल्याही मंडळावर नाही. जाणकार माणूस म्हणजे नेमकं काय, ते सांगतो.

आरसीसीची इमारत आणि १९४० पूर्वीची सागवानी चौकटीची इमारत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेजात आपण सिमेंट आणि सळई शिकतो. लाकूड जवळजवळ शिकवतच नाहीत. चाळीत शिरल्यावर नवखा इंजिनिअर भिंतीवरचे तडे बघतो. अनुभवी माणूस आधी मागच्या बाजूला, नहाणी आणि संडासाकडे जातो. तिथे वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं असतं. तुळई बाहेरून धडधाकट दिसते, पण तिचं भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं. सुताराच्या पटाशीचं टोक लावून हलकं दाबायचं. निरोगी सागवान दाद देत नाही, कुजलेलं असेल तर पोलाद पाव-अर्धा इंच सरळ आत जातं आणि ओला भुसा बाहेर येतो. मग हातोडीच्या दांड्याने ठोकत पुढे जायचं, आवाज बदलतो तिथे खूण करायची.

दुसरी गोष्ट तळमजल्याची. दुकानाचा गाळा मोठा करायला मधली भिंत काढलेली असते, वर पोटमाळा चढलेला असतो. वरच्या तीन मजल्यांचा भार ज्या भिंतीवर होता तीच नाही! तिथे दुरुस्ती म्हणून वरच्या मजल्याला प्लास्टर आणि रंग मारला तर पैसे पाण्यात.

तिसरी गोष्ट तडा. तडा जुना आहे की वाढतो आहे हे डोळ्यांनी कळत नाही. त्यावर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करायची, शेजारी तारीख लिहायची. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे. साधा, स्वस्त उपाय. पण पंधरवड्याने पुन्हा येऊन ती पट्टी बघणारं कुणीतरी हवं.

मंडळावर अशी नजर असलेला माणूस असेल, तर प्रस्ताव समोर आल्यावर तो विचारेल, ‘मागची बाजू बघितली का? तळमजल्याची भिंत आहे का? टेकू लावले ते खाली कशावर उभे आहेत?’ एवढे तीन प्रश्न विचारले गेले तरी फाइलचा रंग बदलतो.

रावसाहेब_गिरगाव

तुळई, माहिती उत्तम. पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. राजकीय कार्यकर्ता म्हणजे बिनकामाचा, असा सूर लागतो आहे तो पटत नाही. पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. त्यातली एखादी रिकामी करायची वेळ येते तेव्हा इंजिनिअरचा अहवाल दारावर चिकटवून लोक बाहेर येत नाहीत. तिथे रात्री दोन वाजता येऊन ‘काकी, मी आहे, चला’ म्हणणारा माणूस लागतो. मालक, भाडेकरू, विकासक, पोलीस, महापालिका सगळ्यांना एका खोलीत बसवणं हेही कौशल्य आहे. ते कोणत्या पदवीत मिळतं?

खेतवाडीकर

रावसाहेब, मान्य. माझं म्हणणं ‘राजकीय माणूस नको’ असं नाहीच. त्याच्याबरोबर बाकीचे कोण, ते ठरलेलं असावं. आज ते नेमणाऱ्याच्या मर्जीवर आहे. आणि मंडळाच्या सदस्यांची पार्श्वभूमी मतदाराला, भाडेकरूला सहज वाचायला मिळत नाही. निवडणुकीला उभं राहताना उमेदवार शपथपत्रात शिक्षण लिहून देतो. मंडळावर जाणाऱ्याने तेवढं तरी जाहीर करावं.

मृण्मयी_दादर

यात इतिहासाची थोडी भर घालते, कारण मुंबईत हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा आहे.

१८९६ ला प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहरातली दाट वस्ती मोकळी करणं, रस्ते काढणं, नव्या वसाहती वसवणं हे त्याचं काम. त्याच्या विश्वस्तांची रचना मुद्दाम बघण्यासारखी आहे. सरकारने नेमलेला अध्यक्ष, पदसिद्ध म्हणून लष्कराचा मुंबईतला प्रमुख, जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त, महापालिकेने निवडून दिलेले सदस्य, शिवाय चेंबर ऑफ कॉमर्स, पोर्ट ट्रस्ट आणि गिरणीमालक संघ यांचे प्रतिनिधी, उरलेले सरकारनियुक्त. म्हणजे त्या काळच्या मुंबईत ज्याच्या हातात पैसा आणि जमीन होती तो प्रत्येक गट त्या टेबलावर होता. गिरणीमालकाला जागा होती, गिरणीत राबून चाळीत राहणाऱ्याला नव्हती. महापालिकेतून निवडून येणारेसुद्धा कर भरणाऱ्या मोजक्या मतदारांचे.

परिणाम काय झाला? सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे देखणे रस्ते निघाले. पण जी घरं पाडली त्यातली माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहायला गेली. गर्दी एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी बसली.

चांगली बाजूही आहे, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर, आयसीएस अधिकारी. त्यांनी खोलीत उजेड आणि हवा येण्याचा विषय लावून धरला. समोरच्या इमारतीच्या उंचीवर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाची मर्यादा, हा त्यांचा आग्रह. अंधाऱ्या खोलीत क्षय वाढतो हे त्यांनी गांभीर्याने घेतलं. आणि मंचेरजी जोशी! ट्रस्टमध्ये सिव्हिल इंजिनिअर होते. दादरची पारसी कॉलनी त्यांच्या चिकाटीतून उभी राहिली. मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांना काय परवडतं आणि काय लागतं हे त्यांना आतून माहीत होतं, आणि नकाशा वाचता येत होता. दोन्ही एकाच माणसात असल्यावर काय होतं ते आजही फाइव्ह गार्डन्सला फिरायला गेलं की दिसतं.

ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. तोवर सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या होत्या. दोनशे सात चाळी, एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली. तिथे राहणाऱ्याला कुणी विचारलं असतं, तर संडास मजल्याच्या टोकाला सामायिक ठेवा असं कोणत्या बाईने सांगितलं असतं?

बेलापूरवासी

मृण्मयीताई, छान. मी नवी मुंबईचा, म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीचं सांगतो. १७ मार्च १९७० ला कंपनी म्हणून स्थापना. सुरुवातीचा संच बघा. आयएएस अधिकारी जे. बी. डिसूझा व्यवस्थापकीय संचालक, नियोजनाची धुरा शिरीष पटेल यांच्याकडे, मुख्य वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. पटेल स्ट्रक्चरल इंजिनिअर, केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्यांनी आखलेला. कोरिया, पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ मध्येच खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली होती. सरकारने ज्यांनी विचार केला त्यांनाच हातात काम दिलं. असं फार क्वचित घडतं. वाशीला, नेरुळला रेल्वे स्टेशनभोवती शहर कसं वाढलं ते बघितलं की त्या मंडळींची छाप कळते.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भागही इथेच सापडतो. एवढ्या व्यासंगी मंडळींमध्ये ज्यांची भातशेती आणि मिठागरं गेली त्यांच्यातला माणूस निर्णयाच्या जागी नव्हता. ते बोलणं मग रस्त्यावर झालं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर उरण भागात गोळीबार झाला आणि पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचं धोरण त्या लढ्यातून आलं. आगरी-कोळी शेतकरी सुरुवातीपासून संचालक मंडळावर असता, तर हीच मागणी सभेच्या इतिवृत्तात आली असती असं मला मनापासून वाटतं.

आता सिडकोच्या अध्यक्षपदावरही आमदार नेमले जातात. प्रशांत ठाकूर झाले, २०२४ मध्ये संजय शिरसाट. ठाकूर पनवेलचे, म्हणजे निदान याच भागातले.

अनघा_सिंगापूर

इथलं उदाहरण थोडक्यात. इथेही मुंबईसारखाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट होता. तो गेला आणि १ फेब्रुवारी १९६० ला एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळ आलं. पहिले अध्यक्ष लिम किम सान, व्यापारी आणि बँकेचे संचालक. मानधन न घेता काम केलं. ते इंजिनिअरही नव्हते आणि आर्किटेक्टही नव्हते. पण किती घरं, किती दिवसांत, काय दराने, हे तीन आकडे त्यांनी सोडले नाहीत. १९६१ ला बुकित हो स्वी वस्ती जळाली, त्याच जागी आगीत घर गेलेल्यांसाठी घरं उभी राहिली. पहिल्या पाच वर्षांत पन्नास हजारांहून जास्त घरं झाली. सरकारकडे जमीन घेण्याचे अधिकार मोठे होते, हेही खरं. सांगायचं एवढंच की व्यवहारी माणसाचीही जागा असते.

केदार_लंडन

भाडेकरू मंडळावर असला की प्रश्न सुटला, असं समजू नका. मी हे फार जड मनाने लिहितो आहे.

१४ जून २०१७ ला इथे ग्रेनफेल टॉवर जळाला. ७२ माणसं गेली. ती इमारत ज्या संस्थेकडे होती तिच्या पंधरा जणांच्या मंडळावर आठ रहिवासी होते, चार कौन्सिलने पाठवलेले आणि तीन स्वतंत्र. म्हणजे रहिवाशांचं बहुमत! तरीही इमारतीला ज्वलनशील आवरण चढलं, रहिवाशांच्या एका गटाने आगीच्या धोक्याबद्दल आधीपासून लिहिलं होतं ते बाजूला पडलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा दुसरा अहवाल आला. त्यातली एक गोष्ट या धाग्याला थेट लागू आहे. आगीचा धोका तपासायला संस्था एकाच माणसावर अवलंबून होती. त्याला रीतसर निवडप्रक्रिया न करता काम मिळत गेलं होतं, आणि त्याने आपला अनुभव व पात्रता खोटी, फुगवून सांगितली होती. ती कुणी पडताळलीच नाही. मंडळावर पंधरा जण होते, पण समोर आलेला अहवाल लिहिणारा कोण, हे विचारणारा एकही नव्हता.

म्हणून माझी भर: सदस्यांची पार्श्वभूमी जाहीर व्हावीच, पण ज्यांच्या अहवालावर सदस्य सही करतात त्यांचीही व्हावी.

तुळई

केदार, नेमका मुद्दा. आपल्याकडेही हेच चाललं आहे. म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आलं, त्यानुसार धोकादायक इमारतीच्या मालकाला पुनर्विकासासाठी सहा महिने, त्याने केलं नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, नाहीतर म्हाडा ताब्यात घेणार. हेतू चांगलाच आहे. पण २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ९३५ नोटिसांना स्थगिती दिली आणि निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली. वाद दोन गोष्टींचा: नोटीस काढणाऱ्या कार्यकारी अभियंत्याला तो अधिकार होता का, आणि रीतसर तपासणी न करता नुसतं बघून इमारत धोकादायक ठरवली का. काचेची पट्टी, पटाशी, लाकडाचे नमुने, एवढ्या कामाला वेळ द्यावा लागतो. तो दिला नाही तर ज्या इमारती खरोखर पडायला आल्या आहेत त्याही कोर्टात अडकतात. हे सगळ्यात वाईट.

शिबिरातली_सुनीता

मी संक्रमण शिबिरात वाढले. माझं शिक्षण बी.कॉम. आहे, पण इथे मी भाडेकरू म्हणून बोलते.

लोक धोकादायक इमारत सोडत नाहीत, त्याला हट्ट म्हणतात. हट्ट नसतो हो. घरातली बाई विचार करते, इथून उठले तर परत येण्याचा कागद कुठे आहे? भाडेपावती सासऱ्यांच्या नावाची, ते जाऊन वीस वर्षं झाली. मुलाची दहावी. आत अंथरुणाला खिळलेली आत्या, तिला चार जिने कोण उतरवणार? शिबिर मिळणार ते कुठल्या उपनगरात, आणि नवऱ्याचं काम मसजिद बंदरला.

मंडळावर असा घरातून आलेला एक माणूस असेल तर नोटिशीबरोबर हक्काचं पत्र द्या, हे तो पहिल्याच सभेत मांडेल. कोणत्या मजल्यावर आजारी माणूस आहे, कोणत्या खोलीत शिवणाची मशीनं आहेत, गणपतीत किती माणसं माळ्यावर झोपतात, हे त्याला विचारावं लागणार नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक घरांच्या सात जणांच्या मंडळात तीन रहिवासी असतात असं वाचलं. आपल्याकडे एक तरी द्या. आणि केदारदादा म्हणतात तसं, त्याला फाइल वाचायला शिकवा, अहवाल आधी हातात द्या. नुसता खुर्चीवर बसवून उपयोग नाही.

रावसाहेब_गिरगाव

सुनीताताई, तुमच्या एका पोस्टने माझं मत हललं. रात्री दोन वाजता ‘चला’ म्हणणारा मीच होतो अनेकदा. त्या वेळी हातात ते पत्र असतं तर दार लवकर उघडलं असतं.

ॲड_सुमेध

आता कायद्याचं. पात्रता कायद्यात लिहिता येते, हे नवीन नाही. बांधकाम व्यवसायावर लक्ष ठेवणाऱ्या रेरा कायद्याचं कलम २२ बघा. रेरा प्राधिकरणाच्या अध्यक्षाला किमान वीस वर्षांचा आणि सदस्याला पंधरा वर्षांचा अनुभव हवा, नगरविकास, गृहनिर्माण, पायाभूत सुविधा, अर्थशास्त्र, नियोजन, कायदा, लेखाकर्म, समाजसेवा, प्रशासन अशा क्षेत्रांतला. यादी इतकी रुंद आहे की जवळजवळ कुणीही बसेल, पण निदान वर्षं तरी मोजावी लागतात. बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्याला एवढी अट, तर पडायला आलेल्या इमारतीचा निर्णय घेणाऱ्याला तशीच अट मागणं अवाजवी नाही. त्यासाठी म्हाडा कायद्यात दुरुस्ती लागेल, ती विधिमंडळात.

तोवर हाताशी माहिती अधिकार आहे. कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक प्राधिकरणाने आपल्या मंडळांची व समित्यांची माहिती, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त मिळतं का, हे स्वतःहून जाहीर करायचं असतं. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस.

खेतवाडीकर

सुमेध, मनापासून आभार. मी मसुदा असा केला आहे: ‘दुरुस्ती मंडळावरील सदस्य पात्र आहेत का, त्यांना जुन्या इमारतींचा पुरेसा अनुभव आहे का, ते कळवावे...’

ॲड_सुमेध

असं विचारलंत तर अर्ज परत येईल. माहिती अधिकारात मत मागता येत नाही, कागद मागता येतो. ‘पात्र आहेत का’ काढून टाका. हे वापरा, शब्द मोजलेत:

‘मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाबाबत गेल्या पाच वर्षांतील पुढील अभिलेखांच्या प्रती मिळाव्यात. १) सभापती व सर्व शासकीय-अशासकीय सदस्यांच्या नियुक्तीचे आदेश. २) नियुक्तीच्या वेळी सदस्यांनी शिक्षण व व्यवसायाबाबत सादर केलेली माहिती, अशी माहिती घेतली जात नसल्यास तशी नोंद. ३) मंडळाच्या बैठकांच्या तारखा, उपस्थिती व इतिवृत्ते. ४) इमारतींच्या संरचनात्मक तपासणीसाठी नेमलेल्या सल्लागारांची यादी व त्यांच्या निवडीचे निकष. ५) या सल्लागारांची प्रमाणपत्रे पडताळल्याचा अभिलेख.’

तुळई

पाचवा मुद्दा ठेवाच. उत्तर आलं की सल्लागारांची यादी मी बघतो, कुणी लाकडी चौकटीवर काम केलं आहे ते मला ओळखता येईल.

शिबिरातली_सुनीता

एक अर्ज माझ्या नावानेही जाऊ दे. स्टॅम्प आहे माझ्याकडे.